कवडीचा पाय

परळ,
रविवार, २ जानेवारी १९८३

चि. दौलत यास,

जयभीम. मी इकडे बरा आहे. तू, अंबिका, जगनराव आणि मुलं बरी असाल.

अक्षर ओळखलं असशीलच. पत्र फाडायला निघाला असशील तर जरा थांब. हे पत्र कवडीबद्दल आहे. दुसरं काही त्यात शोधू नकोस, सापडणार नाही.

परळहून रे रोड चालत तासाभराच्या आतलं. तिथे पोस्टाने पत्र पाठवणारा मी येडाच, असं पोस्टातल्या बाईला वाटलं असणार. तिने पत्ता दोनदा वाचला आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मी म्हटलं, "बाई, तिकीट लागतं तेवढं लागलंय ना? मग टाका."

परवा अंबिका येऊन गेली. जाता जाता चप्पल घालताना म्हणाली, "बाबा, दौलतने विचारलंय, कवडी कशी आहे." सहा आठवड्यांत तुझ्याकडून आलेला हा पहिला शब्द. माझं काही विचारलं नाहीस, ते ठीकच आहे. पण कवडी तुझ्या आईच्या हातची. अंड्यातून बाहेर आली तेव्हा तिने पदरात धरून हिला ऊब दिली, तू शेजारी बसून रवा भरवलास. राधा गेली त्याला आता तीन वर्षं होतील. तिच्यामागे कोंबडीचा जाब मी दिला पाहिजे.

तर ऐक. कवडीचा उजवा पाय अधू झाला आहे. खाट सरकवताना खाटेचा पाय तिच्या पायावर आला. झालं ते झालं. घोट्याच्या वर जखम आहे, खाली सूज आहे आणि बोटं आत वळून मूठ झाली आहे. पाय टेकवते आणि कोलमडते. सुरुवातीला पंख आपटून उठायची, आता उठायचा प्रयत्नही कमी केलाय. गोणपाटावर बसून राहते आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघते. तिची ती बघायची पद्धत तुला माहीत आहे. तुझी आई म्हणायची, हिला शाळेत घातलं असतं तर मास्तरीण झाली असती.

मी काय करतो तेही लिहितो, म्हणजे टाकून दिली असं तुला वाटायला नको. सकाळी मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतो. हळद आणि खोबरेल लावतो. बोटं एकेक करून सरळ करतो आणि मिलमधल्या सूत गुंडाळायच्या कोनाचा पुठ्ठा कापून त्याचा तळवा केलाय, त्यावर बोटं पसरून पट्टीने बांधतो. बूटच म्हण. पाणी आणि दाणे तोंडाशी ठेवतो. दर दोन तासांनी कूस बदलतो, नाहीतर छातीखालची कातडी सोलते. संपावरच्या माणसाला वेळेची काय कमी!

पुतळाबाई मासळीची पाटी घेऊन चाळीच्या तोंडाशी बसते ती अजून बसते. हल्ली मासे घेणारे कमी आणि भाव विचारणारे जास्त. ती रोज बोंबलाची डोकी कवडीसाठी कागदात बांधून ठेवते. मला तेल चोळताना बघून म्हणाली, "आरं राजाराम, ही कोंबरी हाय का सून?" मी म्हटलं, सून असती तर तिनेच माझे पाय चेपले असते. हसली. मग म्हणाली, "कापून टाक रं, तिचा जीव सुटंल." माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "नको तर नको, मी आपला बोलली."

तू मिलमध्ये परत गेलास, गेटवर पोरांनी तुला मारलं, पायाचं हाड मोडलं आणि तू इस्पितळातून आपल्या घरी न येता बहिणीकडे गेलास. प्लास्टर अजून महिनाभर राहील असं अंबिका म्हणाली. हे सगळं तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. त्याबद्दल मी लिहीत नाही. पत्र कवडीचं आहे.

तिला काही निरोप असेल तर कळव. वाचून दाखवीन.

तुझा बाप, तुला मान्य असो वा नसो,
राजाराम


परळ,
रविवार, २३ जानेवारी १९८३

चि. दौलत यास,

जयभीम. तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. "आपली खाट तुम्ही भिंतीला खिळ्यांनी ठोकली आहे, ती सरकली कशी?"

मी हसलो रे. खरंच हसलो, एकटाच, मोठ्याने. शेजारीण डोकावून गेली. तुला लहानपणी मी म्हणायचो, तुझ्याशी खोटं बोलायला माणूस आदल्या दिवशीपासून तयारीला लागला पाहिजे. खाट ठोकली तेव्हा खिळे तूच धरले होतेस, हे माझ्या डोक्यातून गेलं.

खाट सरकली नाही. पाय मी बांधला होता.

आई कवडीला कशी बांधायची आठवतं? जुन्या साडीची रुंद पट्टी, पायाला सैल वेढा आणि वर सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. सोमवारी, २२ नोव्हेंबरला, मी पहाटे बाहेर पडायच्या गडबडीत होतो. पट्टी सापडेना. कोपऱ्यात सुताची लडी पडली होती. तीच घेतली, कवडीच्या पायाला दोन वेढे दिले, उरलेलं खाटेच्या पायाला. आणि गाठ मारली ती आपली मिलमधली, मागाच्या साच्यावरची. मी मारली असंही नाही, हातांनी मारली. सत्तावीस वर्षं तुटलेला धागा जोडायला दिवसातून शेकडो वेळा हीच गाठ मारली. बोटांना दुसरी येतच नाही. तुला मिलमध्ये बदली कामगार म्हणून लावलं तेव्हा महिनाभर घरी बसवून शिकवली ती हीच. कापडात दिसत नाही, ताणली की घट्ट होते, साचा बंद पडला तरी सुटत नाही. तू एका मिनिटात वीस मारायला लागलास तेव्हा मी खात्यात सगळ्यांना सांगत फिरलो होतो.

कोंबडीच्या पायाला ती मारायची नसते.

मी दोन दिवस घरी आलो नाही. कुठे होतो ते विचारू नकोस. दाराला कुलूप. शेजारणीने खिडकीच्या गजांतून तांदूळ टाकले म्हणून कवडी जगली. पण ती खाटेभोवती फिरत राहिली, सूत पायाला गुंडाळत गेलं, पाण्याचं भांडं तिने लवंडलं आणि भिजलेलं सूत आवळलं. बुधवारी दार उघडलं तेव्हा सूत कातडीत रुतलेलं होतं, दिसतही नव्हतं. गाठ तेवढी वर होती, जशीच्या तशी. दाताने सुटेना. शेवटी ब्लेडने कापली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुला पहिलं पत्र टाकल्यावर तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. कापडी पिशवीतून फक्त डोकं बाहेर, माझ्यापुढे कुत्रीवाले, मांजरवाले, आणि मी कोंबडी घेऊन. एक बाई मला विचारते, "ही पाळलेली आहे?" मी म्हटलं, नाही, पाहुणी आली आहे. केसपेपरवर मालकाचं नाव विचारलं. मी तुझं सांगितलं. का ते माहीत नाही, तोंडातून आलं.

मग बाकावर बसलो. तासाभराने आतल्या माणसाने दारातून हाक मारली, "दौलत राजाराम!" मोठा आवाज होता त्याचा. मला उठता येईना. पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. लोक इकडेतिकडे बघायला लागले. मी पिशवी पोटाशी धरून खाली फरशीकडे बघत बसलो. त्याने पुढचं नाव घेतलं. नंतर सगळे गेल्यावर मी आत गेलो. तो चिडला, "कान गेलेत का तुमचे?" मी म्हटलं, हो, साच्यांनी गेलेत. आमच्यात निम्म्यांचे जातात, त्याने विश्वास ठेवला.

डॉक्टर बाई भली होती. म्हणाली, नस दबून मेली आहे, पंजा पूर्वीसारखा होणार नाही. पण बसवून ठेवू नका, दुसराही पाय जाईल. झोळी करा, पाय जेमतेम जमिनीला लागतील अशी, आणि त्यात तिला रोज उभी करा.

झोळी केली आहे. कापड कुठलं ते सांगतो, रागावू नकोस. तू साच्यावर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काढलेल्या पॉपलिनचा तुकडा आईने ट्रंकेत ठेवला होता, डांबराच्या गोळ्या घालून. तो काढला. पायांसाठी दोन भोकं कापली, कडा टाचल्या. घरात दुसरी चिंधी नव्हती असं नाही. पण कोंबडीचं अंग नाजूक असतं आणि तुझा हात पहिल्यापासून सफाईचा. एवढं मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, ते हे कापड कापताना कळलं.

दोन स्टुलांमध्ये काठी टाकून झोळी अडकवतो आणि सकाळ-संध्याकाळ पाव तास तिला त्यात उभी करतो. काल तिने डावा पाय पुढे टाकला. मग थांबली. मग उजवा, तो पुठ्ठ्याचा बूट घातलेला, फरफटत का होईना, पण ओढला. मी तिला शाबास म्हटलं. आख्ख्या संपात मी कुणाला शाबास म्हटल्याचं आठवत नाही.

अठरा तारखेला संपाला वर्ष झालं. मैदानावर सभा होती. मी गेलो नाही. संपातला धोंडू बोलवायला आला होता, म्हणाला, "काका, तुमच्यासारखा माणूस नाही आला तर पोरं काय म्हणतील?" मी म्हटलं, कोंबडीला झोळीत घालायची वेळ आहे. तो एकटाच परत गेला.

पायाची काळजी घे. कवडीच्या नाही, तुझ्या. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

तुझा बाप,
राजाराम


परळ,
रविवार, २० फेब्रुवारी १९८३

दौलत,

जयभीम.

कवडी गेली. मंगळवारी दुपारी. डॉक्टर बाई म्हणाली होती तसंच झालं, सगळा भार घेऊन घेऊन डावा पायही सुजला, तळव्याला गळू धरलं. शेवटचे चार दिवस दाणा घेत नव्हती. बोटाने पाणी पाजत होतो. मंगळवारी झोळीतून काढून मांडीवर घेतली तेव्हा मान माझ्या मनगटावर टेकवली आणि तशीच राहिली. मी बराच वेळ हललो नाही. पाय मुंग्या येऊन बधिर झाला तेव्हा उठलो.

चाळीच्या मागच्या भिंतीशी, बदामाखाली पुरली. पुतळाबाई आली होती, पाटी डोक्यावरून उतरवून. माती लोटताना म्हणाली, "राधाची लई लारकी." तेवढंच. विधी वगैरे काही नाही, आपल्यात ते नाहीच. पण मी तिथे उभा राहिलो आणि मला रडू आलं. राधा गेली तेव्हाही मी लोकांसमोर रडलो नव्हतो, तू बघितलं आहेस. मंगळवारी कोंबडीसाठी रडलो, भर दुपारी, पोरं क्रिकेट खेळत होती त्यांच्यासमोर.

आता तुला लिहायला माझ्याकडे कोंबडी उरली नाही.

गेले तीन दिवस कागद घेऊन बसतो आणि उठतो. त्या सोमवारचं लिहायचं आहे. तुला माहीत आहे ते तुलाच लिहायचं आहे. पण मला माहीत आहे की तुला माहीत आहे, हे तरी लिहायलाच हवं.

आदल्या रात्री तू म्हणालास, "बाबा, हा संप आता संपणार नाही. मला काम करायचंय. मला दुसरं काही येत नाही, तुम्ही शिकवलंच नाही." मी म्हटलं, गेटच्या आत पाऊल टाकलंस तर माझा तू कुणी नाहीस. पहाटे तू माझ्याआधी निघून गेलास. मी कवडीला बांधलं आणि गेटवर गेलो.

तुम्ही दहा-बारा जण होता. तोंडाला टॉवेल गुंडाळलेले, एकमेकांना खेटून चाललेले. गेटवर आपली पोरं घोषणा देत होती, पण कोण कोण आहे ते कुणाला ओळखू येत नव्हतं. अजून वीस पावलं आणि तुम्ही आत गेला असता. कुणालाच कळलं नसतं.

मला कळलं. तू डावा खांदा थोडा पुढे टाकून, टाच न वाजवता चालायचास. राधा तशीच चालायची. चाळीच्या जिन्यावर शंभर माणसं चढली तरी त्यातून तुझे पाय मी ओळखायचो.

मी हाक मारली. दौलत. साच्यांच्या आवाजावरून मारायची सवय, त्यामुळे गेटपर्यंत गेली असणार.

तू वळलास. बापाने हाक मारली की पोरगा वळतो, एवढंच तू केलंस. टॉवेल खाली सरकला. मग सगळ्यांना कळलं कोण आहे ते. आपल्या घरी भाकरी खाल्लेली पोरं होती त्यात. मी गर्दीच्या मागे होतो. पुढे घुसलो, पण पोचलो तेव्हा तू खाली पडला होतास आणि तुझा पाय असा होता की मी बघू शकलो नाही.

तुला थांबवायला हाक मारली की तुला दाखवून द्यायला? तीन महिने मी स्वतःला विचारतोय. थांबवायला, असं म्हणायचं होतं. पण मी तुझ्यावर इतका चिडलो होतो रे. हाक मारताना माझ्या मनात दोन्ही होतं. हे मी तुझ्याशिवाय कुणालाच लिहू शकत नाही, आणि तुलाच लिहिणं सगळ्यात अवघड.

दोन दिवस मी कुठे होतो ते आता सांगतो. इस्पितळासमोरच्या फुटपाथवर. पानाच्या गादीशेजारी. भेटीच्या वेळी अंबिका डबा घेऊन आत जायची ते दिसायचं. मी आत आलो नाही. पायऱ्यांपर्यंत दोनदा आलो. आत आलो असतो तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं आणि ते नाव माझ्या घशातून निघेना. तुला वाटलं असेल, बाप बघायलाही आला नाही. आणि मी समोर उभा होतो तोवर घरी कवडीच्या पायात सूत रुतत होतं. तेव्हा मला तिची आठवणही झाली नाही.

एक गोष्ट मला फार लागली आहे. तू अंबिकेला सांगितलं नाहीस. हाक कुणी मारली ते तुला कळलं होतं, माझा आवाज तू विसरणार नाहीस. तरी तिला तू म्हणालास, गर्दीत कुणीतरी ओळखलं. या शुक्रवारी ती आली तेव्हा मीच तिला सांगितलं. तिच्यासमोर ताट वाढलेलं होतं. ती उठली, हात धुतला आणि गेली. बोलली एवढंच, "तुमच्या कोंबडीचं मला रडू आलं होतं बाबा." तिच्यावर माझा राग नाही.

प्लास्टर निघालं आणि पाय बोटभर आखूड झाला, हे मी सांगायच्या आधीच ती बोलली होती. तू अंगणात चालायचा सराव करतोस, पण कुणी आलं की बसून घेतोस. लोकांनी चाल बघू नये म्हणून. दौलत, मी तुझी चाल मोडली. आता जिन्यावर तुझे पाय वाजले तर मला ओळखू येणार नाहीत. या घरात बसून हा विचार मला सहन होत नाही.

माफ कर असं मी म्हणणार नाही. ते मागायला तोंड लागतं. गाठ मीच मारली, ती तुझ्याकडून सोडवून घ्यायची हे बरं नाही.

येत्या रविवारी, २७ तारखेला, सकाळी दहा वाजता मी रे रोडला येईन. जगनरावांच्या लाकडाच्या वखारीत आत येणार नाही, त्यांना सांगण्याची गरज नाही. समोरच्या फुटपाथवर, लाकडाच्या हातगाड्या लागतात तिथे उभा राहीन. पिशवीत तुझं कापड असेल, धुऊन इस्त्री केलेलं. दोन भोकं आहेत त्यात, ती तशीच ठेवली आहेत.

मी हाक मारणार नाही. तुझं नाव भर रस्त्यात मी पुन्हा घेणार नाही, तू सांगेपर्यंत. दुपारपर्यंत थांबेन आणि चालत परत जाईन. पुढच्या रविवारी परत येईन. संपाने मला दुसरं काही शिकवलं नसेल, उभं राहायला शिकवलं आहे.

तुला वाटलं तर तू हाक मार. बसूनच मारलीस तरी चालेल. काय म्हणून मारायची ते तुझं तू ठरव. म्हणून या वेळी खाली नुसतं नाव लिहितो.

राजाराम